आय५-७६००के की रायझन ५ १६००? गेमिंग आणि मल्टिटास्किंगसाठी कोणता जुना प्रोसेसर आजही कामाचा?

सेकंड हँड डेस्कटॉपच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एकच ओळ असते: "आय५ प्रोसेसर, गेमिंग पीसी." तेवढ्यावर सौदा ठरतो, पैसे जातात आणि घरी आल्यावर कळते की गेम सुरू तर होतो, पण मध्येच अडखळतो. कारण आय५ हे नाव २००९ पासून चालत आले आहे. त्या नावाखाली नेमके काय मिळते, ते मात्र बदलत गेले. रायझन ५ या नावाचेही तेच.

म्हणून नावापेक्षा मॉडेल नंबर पाहावा. त्यासाठी २०१७ मधली एक गाजलेली जोडी उत्तम उदाहरण आहे: इंटेलचा कोअर आय५-७६००के आणि एएमडीचा रायझन ५ १६००. दोन्ही एकाच वर्षी, जवळपास सारख्याच किमतीत आले. गेमिंगमध्ये त्या वेळी पहिला बऱ्याचदा पुढे होता. आज नव्या गेममध्ये दुसरा जास्त टिकून आहे. असे का झाले, आणि तुमच्याकडे यांपैकी एखादा असेल किंवा घ्यायचा असेल तर काय करावे, ते पाहू.

## दोन्ही प्रोसेसरची ओळख

| बाब | कोअर आय५-७६००के | रायझन ५ १६०० |
|---|---|---|
| बाजारात आला | जानेवारी २०१७ | एप्रिल २०१७ |
| पिढी | केबी लेक (सातवी पिढी) | झेन (पहिली पिढी) |
| कोअर | ४ | ६ |
| थ्रेड | ४ | १२ |
| मूळ वेग | ३.८ गिगाहर्ट्झ | ३.२ गिगाहर्ट्झ |
| कमाल वेग | ४.२ गिगाहर्ट्झ | ३.६ गिगाहर्ट्झ |
| एल३ कॅश | ६ एमबी | १६ एमबी |
| टीडीपी | ९१ वॅट | ६५ वॅट |
| सॉकेट | एलजीए ११५१ | एएम४ |
| अंगभूत ग्राफिक्स | एचडी ६३० | नाही |
| सोबत मिळणारा कूलर | नाही | होय |
| अमेरिकेतली सुरुवातीची किंमत | सुमारे २४२ डॉलर | २१९ डॉलर |

तक्ता पाहिला तर दोघांचे स्वभाव लगेच दिसतात. इंटेलचा प्रोसेसर कमी हातांचा पण चपळ. एएमडीचा थोडा सावकाश, पण त्याच्याकडे मनुष्यबळ जास्त.

## कोअर आणि थ्रेड म्हणजे काय?

स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. एका स्वयंपाकघरात चार आचारी आहेत. हात एकदम चपळ, पण प्रत्येकाकडे एकच शेगडी. दुसऱ्या स्वयंपाकघरात सहा आचारी आहेत. त्यांचे हात जरा सावकाश चालतात, पण प्रत्येकाकडे दोन शेगड्या आहेत. एका शेगडीवर डाळ शिजत असताना तो दुसरीवर फोडणी टाकतो.

इथे आचारी म्हणजे कोअर आणि शेगडी म्हणजे थ्रेड. दोन शेगड्या दिल्या म्हणून आचाऱ्याचे काम दुप्पट होत नाही, कारण हात दोनच असतात. पण वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो.

घरी चार पाहुणे जेवायला असतील, तर पहिल्या स्वयंपाकघरातून ताटे लवकर येतील. लग्नाची पंगत बसली, तर दुसरेच स्वयंपाकघर उपयोगी पडेल. त्यामुळे कोणता प्रोसेसर चांगला, याचे उत्तर त्याच्यावर कामाचा बोजा किती पडणार आहे यावर ठरते.

## २०१७ मध्ये गेमिंगमध्ये कोण पुढे होता?

त्या काळातले बरेच गेम दोन ते चार थ्रेडवरच बहुतेक काम करत. अशा गेमला एकेका कोअरचा वेग लागतो, आणि तिथे आय५-७६००के पुढे होता. एका कोअरच्या चाचण्यांत त्याची आघाडी साधारण पाचव्या हिश्श्याची होती.

शिवाय त्याच्या नावातल्या शेवटच्या 'के' अक्षराचा अर्थ असा की त्याचा वेग हाताने वाढवता येतो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. झेड २७० सारखा मदरबोर्ड आणि चांगला कूलर असेल, तर अनेकांना ४.८ ते ५ गिगाहर्ट्झपर्यंत वेग मिळत असे. रायझन ५ १६०० चा वेगही बी ३५० किंवा एक्स ३७० बोर्डवर वाढवता येतो, पण तो साधारण ३.८ ते ४ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतो.

म्हणजे 'सीएस: गो' सारख्या गेममध्ये जास्तीत जास्त एफपीएस हवे असणाऱ्याने त्या वर्षी आय५ घेतला, तर त्याचे चुकले नव्हते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ग्राफिक्स कार्ड मध्यम ताकदीचे असेल, उदाहरणार्थ जीटीएक्स १०६०, आणि सेटिंग हाय किंवा अल्ट्रावर असेल, तर अनेक गेममध्ये दोघांतला फरक जवळपास दिसतच नाही. कारण तेव्हा प्रोसेसरचे काम लवकर आटोपते आणि त्याला ग्राफिक्स कार्डची वाट पाहावी लागते.

## सरासरी एफपीएस का फसवते?

तुलनेच्या बहुतेक व्हिडिओंत सरासरी एफपीएस दाखवतात. एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या. ६० एफपीएस असेल, तर प्रत्येक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवे.

आता समजा, त्यातले एखादे चित्र तयार व्हायला ५० मिलिसेकंद लागले. म्हणजे तीन चित्रांच्या वेळेइतका पडदा जागीच थांबला. खेळणाऱ्याला हा झटका लगेच जाणवतो. पण मिनिटभरात हजारो चित्रे येत असल्याने सरासरीत त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून जाणकार '१ टक्का लो' हा आकडा पाहतात. सर्वांत मंद चित्रांच्या वेळी वेग किती होता, हे त्यातून कळते. सरासरी ९० आणि १ टक्का लो ३५ असेल, तर गेम अडखळत चालतो. सरासरी ८० आणि १ टक्का लो ६० असेल, तर तोच गेम सुरळीत वाटतो.

आय५-७६००के ची दुखरी नस इथेच आहे. चारही थ्रेड गेमच्या कामात अडकले की मागे चाललेल्या एखाद्या छोट्या कामासाठी मोकळा हात उरत नाही. ते काम आले की गेमला क्षणभर थांबावे लागते. 'बॅटलफिल्ड १' च्या ६४ खेळाडूंच्या सामन्यात चार थ्रेडच्या आय५ वाल्यांना हा अनुभव तेव्हाच येऊ लागला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' मध्येही तो ठळकपणे दिसला.

## मग गेम बदलले

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. त्यात आय५ ला सहा कोअर मिळाले आणि चार कोअर, चार थ्रेड ही रचना आय३ मध्ये गेली. म्हणजे जानेवारीत आय५ म्हणून विकलेली रचना नऊ महिन्यांत आय३ च्या रांगेत बसली. चिप तीच होती, तिचा वेगही कमी झाला नव्हता. बदलली होती ती अपेक्षा.

पुढे गेम तयार करणाऱ्यांनीही जास्त थ्रेड गृहीत धरायला सुरुवात केली. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा किमान प्रोसेसरच्या रकान्यात २०१२ चा आय५-३५७०के होता. २०२३ मध्ये कंपनीने ही यादी बदलली. नव्या किमान यादीत इंटेलचा आय७-६७०० आणि एएमडीचा रायझन ५ १६०० ही नावे आहेत.

यातली गंमत पाहा. आय७-६७०० हा आय५-७६००के पेक्षा एक पिढी जुना आणि कमाल वेगातही थोडा मागे. पण त्याच्याकडे आठ थ्रेड आहेत. किमान अट ठरवताना वेगाइतकेच थ्रेडलाही महत्त्व आले, हे यावरून दिसते.

तरीही सगळ्याच गेममध्ये रायझन पुढे गेला, असे म्हणता येणार नाही. 'व्हॅलोरंट' सारख्या हलक्या गेममध्ये आय५ अजूनही चांगला चालतो. जुने गेम, इंडी गेम आणि इम्युलेटर यांनाही एकेका कोअरचा वेग आवडतो.

## मल्टिटास्किंगमध्ये किती फरक पडतो?

मल्टिटास्किंग या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात.

हलके मल्टिटास्किंग: ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, एक एक्सेल शीट, मागे गाणी, मध्येच व्हॉट्सअॅप वेब. यासाठी दोन्ही प्रोसेसर पुरेसे आहेत. इथे कॉम्प्युटर मंद वाटत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि रॅम ८ जीबीवरून १६ जीबी करणे, यानेच मोठा फरक पडतो.

जड मल्टिटास्किंग: गेम चालू, सोबत डिस्कॉर्डवर बोलणे, ओबीएसने रेकॉर्डिंग किंवा लाइव्ह स्ट्रीम, मागे ब्राउझर. किंवा व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडरमध्ये रेंडरिंग, मोठा कोड कंपाइल करणे. इथे रायझन ५ १६०० स्पष्टपणे पुढे आहे. सगळे कोअर वापरणाऱ्या रेंडरिंगच्या चाचण्यांत तो आय५-७६००के च्या दीडपटीहून अधिक काम करतो.

आय५ च्या बाजूने दोन मुद्दे आहेत. त्याच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय आहे, ती व्हिडिओ एन्कोडिंगचा भार प्रोसेसरच्या कोअरवरून काढून घेते. तसेच वेगळे ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे असेल, तर ओबीएसमध्ये एनव्हीएन्क निवडून रेकॉर्डिंगचे काम कार्डाकडे देता येते. आय५ वर स्ट्रीम करणाऱ्याने यांपैकी एक नक्की वापरावे.

## रायझनसाठी रॅमचा वेग महत्त्वाचा का?

रायझन ५ १६०० चे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत. हे गट ज्या मार्गाने एकमेकांशी बोलतात, त्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे. रॅम मंद असेल, तर प्रोसेसरही मागे पडतो.

अनेक घरांत ३००० किंवा ३२०० वेगाची रॅम बसवलेली असते, पण बायोसमध्ये सेटिंग न केल्याने ती २१३३ किंवा २४०० वरच चालते. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' मधल्या 'मेमरी' वर क्लिक केले की चालू वेग दिसतो. तो कमी असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी हा पर्याय सुरू करावा. पहिल्या पिढीच्या रायझनवर ३२०० वेग नेहमीच स्थिर राहतो असे नाही. कॉम्प्युटर अडकू लागला, तर २९३३ वर आणून पाहावे.

८ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये असणे दोन्ही प्रोसेसरसाठी चांगले.

## मदरबोर्ड: पुढची वाट कोणाकडे?

प्रोसेसर घेताना फारसे कोणी याकडे पाहत नाही, पण जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

आय५-७६००के च्या मदरबोर्डवर पुढचा मोठा टप्पा आय७-७७००के. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. त्याच्या पुढे रस्ता बंद. आठव्या पिढीचे सॉकेट दिसायला तसेच आहे, पण इंटेलने त्यासाठी ३०० मालिकेचे नवे बोर्ड आवश्यक केले. म्हणजे त्यापुढे जायचे तर बोर्डही बदलावा लागतो.

रायझन ५ १६०० चे एएम४ सॉकेट मात्र अनेक वर्षे चालू राहिले. २०२२ मध्ये एएमडीने एक्स ३७०, बी ३५० आणि ए ३२० या पहिल्या फळीतल्या बोर्डांवरही रायझन ५००० मालिका चालवण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे २०१७ च्या बोर्डवर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवणे शक्य झाले. तोच बोर्ड, तीच रॅम, तीच कॅबिनेट, आणि गेमिंगचा वेग कितीतरी वर.

हे करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात:

- तुमच्या बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरची यादी असते. त्यात नवा प्रोसेसर आहे का, आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते, ते तपासा.
- जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. आधी प्रोसेसर बदलला, तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.
- अपडेट चालू असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. जिथे वीज जाते-येते, तिथे यूपीएसशिवाय हे काम करू नये.

## विंडोज ११ चे काय?

इथे दोघांची अवस्था सारखीच आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासून आहेत. आय५-७६००के आणि रायझन ५ १६०० दोन्ही थोडक्यात बाहेर राहिले.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. काहीजण अटी टाळून विंडोज ११ बसवतात, पण अशा कॉम्प्युटरला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे हा धोका हलक्यात घेऊ नये.

इथेही बोर्डचा मुद्दा परत येतो. रायझनवाला रायझन ५ ५६०० बसवून आणि बायोसमध्ये टीपीएम सुरू करून त्याच बोर्डवर अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकतो. आय५ वाल्याला ही सोय नाही, कारण आय७-७७००के सुद्धा त्या यादीत नाही. लिनक्सचा पर्याय मात्र दोघांनाही खुला आहे.

## सेकंड हँड घेताना काय तपासावे?

- पिना: रायझनच्या पिना प्रोसेसरच्या खाली असतात, इंटेलच्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये. वाकलेली एक पिनही महागात पडते. घेण्याआधी मोबाइलच्या उजेडात नीट पाहा.
- कूलर काढताना: एएम४ मध्ये थर्मल पेस्ट सुकली असेल, तर कूलर सरळ ओढल्यावर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत काढा.
- डिस्प्ले: रायझन ५ १६०० ला अंगभूत ग्राफिक्स नाही. बोर्डवर एचडीएमआय पोर्ट असला, तरी त्यातून चित्र येणार नाही. वेगळे कार्ड लागतेच. आय५ ला कार्ड नसले तरी पडदा सुरू होतो.
- ओव्हरक्लॉकिंग: आय५ कित्येक वर्षे वाढीव व्होल्टेजवर चालला आहे का, ते विचारा. बायोस मूळ सेटिंगवर आणून अर्धा तास गेम चालवून तापमान पाहा.
- सुरुवातीचे रायझन: २०१७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बनलेल्या काही प्रोसेसरना लिनक्सवर मोठे कोड कंपाइल करताना त्रास होत असे. गेमिंगसाठी काळजी नाही, पण प्रोग्रॅमिंगसाठी घेत असाल तर आधी चालवून पाहा.

## कोणी काय करावे?

तुमच्याकडे आय५-७६००के असेल आणि तुम्ही हलके किंवा जुने गेम खेळत असाल, तर प्रोसेसरवर लगेच खर्च करण्याची गरज नाही. आय७-७७००के अगदी स्वस्तात मिळाला तरच घ्यावा. जास्त पैसे मोजून घेण्यात अर्थ नाही, ते पैसे नव्या बोर्डसाठी साठवावेत.

तुमच्याकडे रायझन ५ १६०० असेल, तर अख्खा कॉम्प्युटर विकण्याआधी बोर्डची प्रोसेसर यादी नक्की पाहा. एका प्रोसेसरच्या खर्चात तो आणखी काही वर्षे चालू शकतो.

आज यांपैकी एक विकत घ्यायचा असेल आणि किंमत सारखी असेल, तर रायझन ५ १६०० घ्यावा, पण चांगल्या बोर्डसह. कमी पैशांत, ग्राफिक्स कार्डशिवाय, फक्त ऑफिसचे आणि अभ्यासाचे काम असेल, तर आय५ सोयीचा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा गेम अडखळतो. दोष प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डचा?
गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर पाहा. ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर मर्यादा कार्डाची आहे. कार्ड ६०-७० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकला असेल, तर मर्यादा प्रोसेसरची.

जास्त कोअर म्हणजे नेहमीच जास्त वेग का?
नाही. एएमडीच्याच २०१२ च्या एफएक्स-८३५० ला आठ कोअर होते, पण एकेका कोअरचा वेग कमी असल्याने अनेक गेममध्ये तो चार कोअरच्या आय५ च्या मागे राहिला. कोअरची संख्या, त्यांचा वेग आणि पिढी, तिन्ही एकत्र पाहावे लागते.

मग जाहिरातीत नेमके काय विचारायचे?
चार गोष्टी: प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर, मदरबोर्डचे नाव, रॅमच्या पट्ट्या किती आणि कोणत्या वेगाच्या, आणि ग्राफिक्स कार्ड कोणते. विकणारा "आय५ आहे, चांगला चालतो" याच्या पुढे काही सांगत नसेल, तर पैसे देण्याआधी कॉम्प्युटर सुरू करून टास्क मॅनेजर स्वतः उघडून पाहा.